उत्तर जुळलं नाही तर

लॅपटॉप सात, खुर्च्या बारा, माणसं अकरा, पेन्सिली वीस आणि खोडरबर एक. वाचनालयाच्या वरच्या खोलीत उभ्या उभ्या मोजदाद करून धाकटी बहीण ताईच्या कानाशी लागली, "मला वाटलं होतं, आपण दोघीच असू."

"तू चहा-बिस्किटं आहेत असं लिहिलं होतंस ना," ताई म्हणाली. "मग येणारच की."

धाकटी फळ्यापाशी गेली. "हा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, दुरुस्त करावा. मुलाचं वजन सांगितलं की तासाला किती मिलिलिटर सलाईन द्यायचं, ते हा सांगतो. आपण त्याच्या टेस्ट लिहायच्या. वजनाचे टप्पे फळ्यावर आहेत. आधी कागदावर आपापला हिशेब करायचा आणि ते उत्तर लॅपटॉपवर भरायचं. प्रोग्रॅमचं उत्तर तेच आलं तर टेस्ट हिरवी, वेगळं आलं तर लाल. लाल झाली की हात वर करायचा. मी येते."

"एवढंच?" गणिताचे निवृत्त मास्तर म्हणाले. "हे तर चौथीची पोरं करतील."

"मास्तर, फुशारकी संध्याकाळी मारा," शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या. "आमच्यात दोनदा मापल्याशिवाय कात्री लावत नाहीत."

ताईच्या दवाखान्याचे डॉक्टर स्वतः एक लॅपटॉप धरून बसले होते. "सगळ्या हिरव्या झाल्या, तर उद्यापासून दवाखान्यात हाच वापरायचा. सिस्टर, तुमचा कागद बंद."

ताई नुसती हसली. दीड महिन्यापूर्वी कागदावरच्याच हिशेबात तिची चूक झाली होती आणि एका बाळाला दीडपट सलाईन गेलं होतं. अर्ध्या तासात लक्षात आलं, बाळ सुखरूप घरी गेलं, डॉक्टरांनी अवाक्षर काढलं नाही. पण तेव्हापासून ताई प्रत्येक आकडा तीनदा काढायची आणि चौथ्यांदा दुसऱ्या सिस्टरला काढायला लावायची. ती बिचारी आता ताई दिसली की पेन्सिल घेऊनच उभी राहायची. हे ओझं उद्यापासून यंत्राने उचलावं, एवढंच ताईला हवं होतं. तिच्या लेखी आजचा दिवस त्यासाठीच होता.

पहिल्या तीन टेस्ट तान्ह्या बाळांच्या होत्या. तिन्ही हिरव्या झाल्या. चौथी चौदा किलोंच्या मुलाची. ताईने फळ्याकडे पाहून हिशेब केला, कागदावर अठ्ठेचाळीस लिहिले, तेच लॅपटॉपवर भरलं आणि कळ दाबली.

लाल. प्रोग्रॅम म्हणत होता, बावन्न.

तिने पुन्हा हिशेब केला, अठ्ठेचाळीस. पुन्हा केला, अठ्ठेचाळीस. त्या दिवशीही तिला स्वतःच्या आकड्याची अशीच खात्री होती.

धाकटी पलीकडच्या टेबलावर शिंपीणबाईंना कळा समजावत होती. समोर डॉक्टर बसले होते. ताईने हात वर केला नाही. हळूच खोडरबर घेतलं, कागदावरचा आकडा खोडला, बावन्न लिहिले आणि लॅपटॉपवरही तेच भरलं. टेस्ट हिरवी झाली.

"खोडरबर कुणाकडे गेलं?" थोड्या वेळाने मास्तर इकडेतिकडे बघत म्हणाले.

"इकडे, इकडे," डॉक्टर कागदावरचा चुरा फुंकत म्हणाले. "बेरजेची सवय गेली हो, मास्तर."

"अहो, माझी कुठे राहिली आहे? वय झालं."

हे ऐकून ताईला बरं वाटलं. म्हणजे आपण एकटीच नाही. पुढे तिचं आणखी काही वेळा चुकलं, पण आता ती पुन्हा पुन्हा हिशेब करत बसेना. आधी प्रोग्रॅमचं उत्तर बघायचं आणि मग आपली चूक शोधायची, असं केलं की काम भराभर होत होतं. दुपारी खोडरबरावरून ओढाताण व्हायला लागली, तेव्हा शिंपीणबाईंनी पिशवीतून कात्री काढली आणि त्याचे चार तुकडे केले.

"दोनदा न मापताच कापलंत?" मास्तरांनी विचारलं.

"गप्प बसा आणि खोडा."

पाच वाजता धाकटीने सगळ्यांच्या टेस्ट एकत्र केल्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चालवल्या. एकशे बारा टेस्ट, एकशे बारा हिरव्या. टाळ्या पडल्या. मास्तरांनी उभं राहून शिंपीणबाईंना नमस्कार केला. डॉक्टर निघताना ताईपाशी थांबले. "सिस्टर, उद्यापासून निवांत."

"हो," ताई म्हणाली. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले होते.

खोली रिकामी झाली. ताई कप गोळा करू लागली. धाकटी मात्र जागची हलली नव्हती.

"ताई, दिवसभरात एकही हात वर झाला नाही."

"होईल कसा? सगळ्यांचं जुळलं."

"तुझंही?"

"माझं एक-दोनदा चुकलं. नंतर केलं मी नीट."

"काय चुकलं होतं?"

"चौदा किलोंचं. अठ्ठेचाळीस आलं होतं. जाऊ दे ना आता. तो ट्रे दे इकडे."

धाकटीने ट्रे दिला नाही.

"सकाळी तुम्ही यायच्या आधी मी इथल्या सातही लॅपटॉपवर प्रोग्रॅममधला एक आकडा मुद्दाम चुकवून ठेवला होता," ती म्हणाली. "पहिल्या दहा किलोंना चारने आणि त्यापुढच्या किलोंना दोनने गुणायचं, त्या दोनचा तीन केला. किती जण पकडतात, ते बघायला."

ताईच्या हातातले कप हातातच राहिले.

धाकटीने तिनाचे पुन्हा दोन केले आणि त्याच एकशे बारा टेस्ट परत चालवल्या. हिरव्या पंचेचाळीस. लाल सदुसष्ट.