राजामागचा आवाज

जत्रेच्या फलकावर आपलं नाव नाही, हे धर्माजीने तिसऱ्यांदा वाचून पक्कं केलं आणि तो विंगेत येऊन खोक्यावर बसला. गुडघे कुरकुरले. चाळीस वर्षं तो इथेच बसून नाटकाची वही वाचत आला होता. मिठागरं गेली, पोरं मांडव्याहून बोटीने मुंबईला नोकरीला जाऊ लागली, पण गावदेवीच्या जत्रेतलं नाटक आणि धर्माजीचा खोका जागचा हलला नाही. 'प्रॉम्प्टर : धर्माजी' ही ओळ फलकाच्या अगदी तळाशी असायची. तेवढीच त्याची मिरवायची जागा.

नाव कोणी काढलं, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. मंडळाचा अध्यक्ष रामचंद्र, राजाचं कामही त्याचंच. दोघं लहानपणचे जोडीदार. पण रामचंद्राचे ट्रक झाले, बंगला झाला, आणि पाठांतराच्या नावाने मात्र शंख. दर वर्षी पाचव्या अंकात गडी अडायचा, विंगेकडे बघायचा, धर्माजीने शब्द दिला की गाडी पुढे. टाळ्या अर्थातच रामचंद्राला.

रात्री भोंग्यांना बंदी, म्हणून नाटक हल्ली दुपारी चारलाच सुरू व्हायचं. मुकुट सांभाळत रामचंद्र विंगेत आला.

"धर्मा, घसा बरा हाय ना?"

"हाय."

"पाचव्या अंकाला जागचा उठू नको. तू हायस म्हणून मी उभा ऱ्हातो."

तोंडावर गोड बोलायचं आणि मागून नाव कापायचं. धर्माजीला मनापासून थकल्यासारखं झालं. "व्हय," एवढंच तो म्हणाला.

रामचंद्राची नात रुचिका आजोबांचा शेला नीट करायला आली होती. कॉलेजात शिकणारी पोर. आजोबा मंचाकडे गेल्यावर तिने विचारलं, "धर्माआजोबा, आम्हाला परीक्षेला नाटकांवर हाच प्रश्न येतो. एवढा मोठा राजा, तो बुडतो कशानं?"

"घमेंडीनं, बाय. दुसऱ्याच्या जिवावर उभा असतो, आन् त्याला वाटतं सगळा डोलारा आपणच धरलाय."

रुचिकाने ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. धर्माजीने तेव्हाच मनाशी काय ते ठरवलं.

पाचवा अंक लागला. सगळ्यांनी सोडलेला राजा मंचावर एकटा. रामचंद्र तीन वाक्यं बोलला आणि अडला. त्याने विंगेकडे बघितलं.

धर्माजीने वही मिटली.

मंडपात चुळबुळ झाली. मागे कोणीतरी खाकरलं. रामचंद्राने पुन्हा बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. धर्माजीला वाईट वाटलं, नाही असं नाही. तरी त्याने मान फिरवली. एकदा कळू दे गावाला, राजा कोणाच्या जिवावर चालतो ते.

मग रामचंद्र बोलू लागला.

एक ओळ झाली, दुसरी झाली. धर्माजीने घाईघाईने वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. दोन पानांचं भाषण. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पडदा पडला तेव्हा मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मंडळाचा सचिव सुजित धावतच विंगेत आला.

"बघितलात, धर्माकाका? औंदा प्रॉम्प्टर बंद करायचा, असं आम्ही पोरांनी ठरवलेलं. फलकावरनं तुमचं नाव मीच काढलं. फलक लागला आन् रामूकाका अडून बसले. 'मला एक ओळ पाठ ऱ्हात न्हाय, धर्मा नसंल तर तोंडाला रंग लावत न्हाय,' म्हणाले. धा वर्षं हेच सांगून आमाला गप करतात." त्याने वही धर्माजीच्या हातातून हळूच काढून घेतली. "आज कळलं खरं काय ते. आता पुढल्या वर्षीपासनं तुमी खुशाल घरी बसा."