किकुसेचं मरणचित्र

दार उघडलं ते मेलेल्या माणसानंच.

बुंकेईच्या हातातली उदबत्त्यांची पुडी उंबऱ्यावर पडली. कालच त्यानं या माणसाचं मरणचित्र काढून छापायला दिलं होतं, आणि आज तो सुतकी चेहऱ्यानं घरच्यांचं सांत्वन करायला आला होता. तर समोर साक्षात किकुसे! तोंडावर पंचा धरलेला, आणि पंच्याच्या वर दोन जिवंत डोळे.

"असा काय बघतोस भूत पाहिल्यासारखा? ये आत. काल ताप उतरला माझा. ओताकी देवळात गेलीय नवस फेडायला, म्हणून मीच उठले."

किकुसे घरातही बाईसारखाच बोलायचा. नाटकात बायकांची कामं करणाऱ्यानं घरीदारी बाईसारखंच राहायचं, हा त्यांच्यातला दंडक. किकुसेनं तो इतका पाळला होता की त्याचं सफेदा न लावलेलं तोंड साऱ्या एदो शहरात कुणी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते मोलकरीण ओताकीनं, आणि गेल्या आठवड्यात, तापात त्याचा घाम पुसताना, बुंकेईनं.

बुंकेई आत जाऊन बसला. काल सकाळी प्रकाशकाचा माणूस धापा टाकत आला होता. किकुसेच्या घरात भिक्षू शिरताना त्यानं पाहिला होता. म्हणजे गेलाच! खात्री करून घ्यायला सवड कुणाला? नट गेला की दुसऱ्या दिवशी त्याचं चित्र बाजारात हवं, नाहीतर पलीकडचा प्रकाशक टपलेलाच असतो. बुंकेईनं डोळे पुसत चित्र काढलं, आणि दोघा कारागिरांनी मिळून लाकडाचे ठसे कोरले.

"काल भिक्षू आले होते तुझ्याकडे?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आईचं श्राद्ध होतं ना. का रे?"

"काही नाही. सहज."

किकुसेनं चहा ओतला. अंगात ताकद नव्हती, पण बोलायला चेव आला होता. "पुढच्या महिन्यात सोळा वर्षांची राजकन्या करायचीय. छप्पन्नाव्या वर्षी! ओताकी म्हणते, बाई, गुडघे दुखतात तुमचे. म्हटलं, गुडघे माझे दुखतात, राजकन्येचे कुठे? लोकांनी माझं रंगाखालचं तोंड पाहिलेलंच नाही, म्हणून तर खपतं हे सगळं."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली.

"किकुसे गेले हो! किकुसेंचं शेवटचं चित्र! सोळा मोन, फक्त सोळा मोन!"

"अगंबाई! माझ्या नावानं कोण ओरडतंय?"

"थांब, मी बघतो," म्हणत बुंकेई उठेपर्यंत किकुसे दाराशी पोचलाही. पंचा चहाच्या भांड्यापाशीच राहिला होता.

फेरीवाला दारासमोर आला. त्यानं किकुसेकडे पाहिलं, मग हातातल्या चित्राकडे, मग पुन्हा किकुसेकडे. चित्रांचा गठ्ठा तिथंच टाकून तो पळत सुटला. पायातली एक चप्पल रस्त्यात राहिली.

किकुसेनं वाकून एक चित्र उचललं.

अंगावर फिकट निळा पोशाख, मेलेल्या नटाला घालतात तो. हातात जपमाळ. वर कालची तारीख आणि भिक्षू मेलेल्याला देतात तसं, घाईघाईत कुणीतरी ठेवलेलं मरणानंतरचं नाव. आणि मधोमध एका म्हाताऱ्या पुरुषाचं तोंड. गाल ओघळलेले, देवीचे व्रण, कानशिलावर विरळ झालेले केस. सफेद्याचा ठिपकाही नाही.

"सही नाहीये," किकुसे म्हणाला.

"घाईत राहिली असेल."

"सही कशाला हवी? हे तोंड पाहिलेली माणसं दोनच. आणि ओताकीला चित्र काढता येत नाही."

बुंकेईला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"किती छापली?"

"तीनशे."

"आणि विकली?"

"सकाळपासून विकताहेत." बुंकेई म्हणाला. "मला वाटलं, तू गेलास. तीस वर्षं मी तुझ्या राजकन्या काढल्या, नायकिणी काढल्या, सुना काढल्या. वाटलं, आता तरी एकदा तुला काढावं. असा माणूस होता, हे लोकांना कळावं. तू पाहशील हे माझ्या मनातही नव्हतं रे."

"या तोंडाला कोण राजकन्या म्हणेल आता? तापातून वाचले मी, बुंकेई. तू मारलंस."

बुंकेईनं कपाळ जमिनीला टेकवलं. आता शिव्या येतील, लाथ येईल, ओताकी आली की हाकलून देतील. काहीच आलं नाही. त्यानं मान वर केली.

किकुसे अजून दारातच उभा होता, उघड्या तोंडानं. पायाशी चित्रं पसरलेली. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघत होती, तरी तो आत सरकला नव्हता. त्याची नजर रस्त्यातल्या त्या चपलेवर होती आणि बोटं स्वतःच्याच गालावरून फिरत होती.

"ओळखलं रे त्यानं मला," तो म्हणाला. "चाळीस वर्षं या गल्लीत राहते मी. या तोंडावरून मला ओळखणारा हा पहिलाच."