बरोबरची खूण

मुलगी घरी पोहोचली नव्हती. शाळा सुटून दोन तास झाले होते, आणि तिला शेवटचं पाहिलं होतं ते पाहुण्या बाईंनी.

बाई शिक्षकांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. परदेशातल्या शाळा बघायला सहा शिक्षकांचं पथक आलं होतं, त्यात गणिताच्या या एकट्याच. आज भेटीचा शेवटचा दिवस, म्हणून शेवटचा तास त्यांना शिकवायला दिला होता. त्यांनी फळ्यावर दहा भागाकार घातले, पुढच्या बाकांवरच्या पाच-सहा वह्या तपासल्या, परत दिल्या आणि लाल पेन पर्समध्ये ठेवलं. तास झकास झाला, असं त्यांना वाटलं होतं. एकच गोष्ट खटकली होती. ज्या दोघांना भोपळा मिळाला ते नाचत घरी गेले, आणि जिचे दहाच्या दहा बरोबर आले ती मुलगी वही छातीशी धरून मान खाली घालून गेली. लाजाळू असेल, असं बाईंनी मनाशी म्हटलं. पेन्सिल फार दाबून लिहायची, एवढाच काय तो तिचा दोष. पानाच्या मागच्या बाजूलाही आकडे हाताला लागत होते.

आता त्या मुलीची आई दाराशी उभी होती. इस्त्रीच्या दुकानातून तशीच धावत आलेली, अंगावरचा एप्रनही न काढलेला. ती रडत नव्हती. बाईंना त्याचीच जास्त भीती वाटत होती. शाळेचा शिपाई मागच्या कालव्याकडे एकदा बघून आला होता आणि आता पुन्हा तिकडेच गेला होता. पुन्हा कशाला, हे विचारायची बाईंची छाती होईना.

कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे हुशार मुलांचे पेपर टाचून ठेवले होते. सगळ्या पेपरांवर लाल गोल होते, उत्तरागणिक एक. एकाच पेपरावर, एकाच उत्तरापाशी बरोबरची खूण होती, आणि तिच्याशेजारी इथल्या शिक्षिकेनं ते गणित पुन्हा सोडवून दाखवलं होतं.

आयुष्यभर बाईंनी चुकीला गोल केला होता आणि बरोबरला ती खूण. इथे सगळंच उलटं होतं.

शेजारी पथकाचे प्रमुख सर बसले होते. बाईंनी त्यांना कुजबुजत सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“कुणापाशी बोलू नका,” ते म्हणाले. “वही तिच्याजवळ आहे. गणितं खरंच चुकली होती, असं सांगा. उद्या या वेळेला आपण विमानात असू.”

पुढेही ते बरंच काही बोलले. पुढच्या वर्षी आपल्याकडच्या कुणालाच बोलावणार नाहीत, वरपर्यंत अहवाल जाईल, आणि अहवालात नाव कुणाचं असेल हे वेगळं सांगायला नको. पंचवीस वर्षांच्या नोकरीत बाईंवर कधी ठपका आला नव्हता. साधा उशिराचा शेराही नव्हता.

तेवढ्यात इथल्या मुख्याध्यापिकेनं काहीतरी विचारलं. या देशात तीस वर्षं काढलेले दुभाषी काका बाईंकडे वळले. मुलीच्या मनाला लागेल असं वहीत काय होतं, ते त्या विचारतायत, असं त्यांनी सांगितलं.

सगळे बाईंकडे बघत होते. आईसुद्धा.

“गणितं चुकली होती,” त्या म्हणाल्या. “सगळी.”

काकांनी ते तिकडच्या भाषेत सांगितलं. आई हळू आवाजात काही बोलली. काकांनी तेही बाईंपर्यंत पोचवलं. आजवर माझ्या मुलीचा एकही भागाकार चुकलेला नाही, असं ती म्हणत होती.

मग बाहेर पळत्या पावलांचा आवाज आला. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शिपाई दारात उभा होता आणि मुलीचा हात त्याच्या हातात होता. कालव्यापाशी नव्हे, दोन दारं सोडून नकाशे ठेवायच्या खोलीत ती बसली होती. गुडघ्यांना धूळ, बोटांना शिसं. आईनं तिला कवटाळलं आणि मघाचं न आलेलं रडू तिला आता आलं.

मुलगी आईच्या मिठीतून सुटून सरळ बाईंसमोर आली. तिनं वही पुढे केली आणि एक वाक्य बोलली.

“सगळी पुन्हा केलीत म्हणते,” काकांनी सांगितलं. “आता बरोबर आली का, विचारतेय.”

सरांनी आधी मान वाकवून पाहिलं. दहाही उत्तरं चुकली होती. एका ठिकाणी तर बाकी भाजकापेक्षा मोठी होती.

“सुटलो बाई,” सर पुटपुटले. “खरंच चुकलीत की.”

आता बाईंना कुणीही पकडू शकत नव्हतं. त्यांचं खोटं त्या पोरीनं दोन तास बसून, खोडरबरानं घासून घासून खरं करून ठेवलं होतं.

बाईंनी वही मांडीवर घेतली. पान झिजून पातळ झालं होतं. नवे आकडे फिकट होते, बिचकत लिहिलेले. त्यांच्याखाली जुने आकडे दिसत नव्हते, पण बोटाला लागत होते. बाईंना वरचं ऑफिस आठवलं, अहवाल आठवला, आणि मघापेक्षा जास्त भीती वाटली. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. मुख्याध्यापिका जवळ येऊन वाकून बघू लागल्या.

“बाई, काय करताय?” सर म्हणाले.

बाईंनी पहिल्या गणितावरून बोट फिरवलं, खोडलेलं उत्तर शोधलं, ते गिरवलं आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला.