शहाजिरं येईपर्यंत

आत्याने वाळलेले तुरे तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि शहाजिऱ्याचे दाणे माझ्या नाकाशी धरले. अख्खं स्वयंपाकघर घमघमलं.

“कुंडीतलं शहाजिरं आलं की खुशाल जा पुण्याला, केटरिंग शिकायला,” असं तीच म्हणाली होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. एका हिवाळ्याचा तर प्रश्न, म्हणून मी थांबले. पण वर्षभर गाजरासारखा नुसता पालाच आला. तो वरणात घालताना मी विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “याला फुलं दुसऱ्या वर्षी येतात. तुला माहीत नव्हतं?”

आज माझी बॅग दाराशी होती. आत्याने अर्धे दाणे मसाल्याच्या डब्यात टाकले. मग वाळलेलं रोप उपटून उरलेले दाणे त्याच कुंडीत पेरले आणि वर हलक्या हाताने माती सारली.

“एवढं आलं की नक्की जा गं, निमा. तोवर पाणी तेवढं घाल. मला कुठलं वाकवतंय?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. तोवर झारी माझ्या हातात होती आणि कुंडीतली माती भिजली होती.