पेडलवरचा पाय

"क्लच दाबला की पायाबरोबर खालीच जातो," शहाजीराव म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी पेडलमागे बोट फिरवलं. बोट तेलाने ओलं झालं. क्लचला तेलाचा दाब देणारा मास्टर सिलिंडर गेला होता. नुसतं तेल भरून दिलं असतं, तर गाडी घाटात मधेच अडकली असती. तसं करायचं मनात आलं. पण माझ्या हातून गेलेली गाडी रस्त्यात अडकलेली मला चालत नाही.

वीस वर्षांपूर्वी यांनीच माझ्यापुढे कागद ठेवला होता. "वाचता येत नाही ना, बाबालाल? मग विचारतोस कशाला? दाब अंगठा." त्या अंगठ्याने माझं गॅरेज त्यांचं झालं.

नवा सिलिंडर बसवला. आता नळीतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. शहाजीरावांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून मी गाडीखाली गेलो.

"मालक, पेडल दाबा. धरा. सोडा."

हवा दहाव्या वेळी संपली, तरी मी 'दाबा' म्हणतच राहिलो. चाळिसाव्या वेळी त्यांचा पाय थरथरू लागला.

"अजून किती रे?"

"विचारता कशाला? दाबा."

पाय पेडलवरच थांबला. मग हळू आवाज आला, "बाबालाल?"

"दाबा, मालक."