पिल्लांची पावडर

१९७१ साली वसईत माझ्या नणंदेचं, फिलूचं, लग्न ठरलं आणि लग्नाच्या जेवणासाठी पाळलेल्या डुकराच्या पिल्लांना आईचं दूध तुटताच हगवण लागली. दोन मेली, सहा उरली. गुरांच्या डॉक्टरांनी खाण्यात मिसळायला पावडरीचा डबा दिला. "पोट सुधारेल, वजनही वाढेल."

"डुकरांना कसलं टॉनिक? ताक पाजा," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्याच दिवशी सासरे दुधाच्या पेल्यात तीच पावडर ढवळताना दिसले. "सूनबाई, चांगल्या वस्तू लपवून ठेवतेस. वीस वर्षांनी पोट साफ झालं बघ." डबा उशाशी घेऊनच ते झोपू लागले. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. पिल्लांना मी गुपचूप ताक पाजलं.

महिन्याने डॉक्टर आले आणि गुबगुबीत पिल्लं पाहून हरखले. "पावडरीचा गुण आहे हा."

सासूबाईंनी सासऱ्यांच्या पोटाकडे पाहिलं. "दिसतोय खरा."

लग्नात पाहुण्यांनी हाडंही चोखली. फिलूला पाच मुलं झाली. डॉक्टरांना बढती मिळाली. सासूबाई सत्तरीत गेल्या. सासरे ब्याण्णव वर्षं जगले. डब्यावरचं इंग्रजी आम्ही त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवलं नाही.