सहावी खाट

फाटकात तपासनीस तोरसकर साहेबांची जीप दिसली, तशी डॉक्टरबाईंनी आयाला हाक मारली, "आक्का, खाट उचला!"

प्रसूतिगृहाला परवानगी पाच खाटांची होती. सहावीचा अर्ज सात वर्षं सरकारदरबारी पडून होता, पण बायका काही अर्ज मंजूर होईपर्यंत थांबत नाहीत. म्हणून दर जानेवारीत, तपासणीच्या दिवशी, सहावी खाट मागच्या स्वयंपाकघरात जाई. बाळ आक्कांच्या मांडीवर आणि बाळंतिणीपुढे मटारची परात. कुणी विचारलंच, तर ती घरची पाहुणी.

आज मात्र साहेब खाटा न मोजताच खुर्चीत टेकले. "बाई, नियम बदलला. दहा खाटांपर्यंत आता तुम्ही लिहून दिलंत की पुरे. तपासणी बंद. निरोप घ्यायला आलोय."

बाईंनी चहा मागवला, पण खरं सांगायचा धीर त्यांना होईना.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघत ते म्हणाले, "सात वर्षांत तुमची एकही पाहुणी दुसऱ्यांदा दिसली नाही मला. काढा ती खाट बाहेर. माझी लेक बाळंतपणाला येतेय, तिचं नाव तुमच्याकडेच घालायचंय. आणि तिला मटार सोलायचा भारी कंटाळा आहे."